फडातल्या बायांची अडचण : घडी, पॅड की कप?



या पानावर मी आजवर बेणेप्रक्रिया, लागणीचे अंतर, हुमणी आणि खोडवा यांखेरीज दुसरे काही लिहिलेले नाही. या खेपेचा विषय वेगळा आहे. वाचून कुणी म्हणेल, ऊस विकास अधिकाऱ्याला ही उठाठेव कुणी सांगितली? म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

गेल्या हंगामात फेब्रुवारीत एक जुने सभासद गट ऑफिसात आले. ऊस तुटून गेला होता, खोडवा राखावयाचा होता, आणि आपण दरसाल सांगतो त्याप्रमाणे त्यांनी पाचट न जाळता ट्रॅक्टरने कुट्टी करावयास घेतली होती. त्या कुट्टीत वापरलेले पॅड निघाले. "सायेब, टोळीच्या बायांनी मह्या रानात काय काय टाकलंय ते येऊन बघा, आन् दंड कुणाच्या बिलातून कापायचा तेबी सांगा." ऑफिसात चिटबॉय होते, चार शेतकरी होते. कुणी हसले, कुणी खाली बघितले. मी नोंदवहीत डोके घातले आणि उत्तर दिले नाही.

संध्याकाळी त्या रानात गेलो. आसपास ना संडास, ना न्हाणी. विहिरीवर मोटार होती, पण तिच्या पेटीला कुलूप. ऊस उभा असतो तोवर त्याचाच आडोसा असतो. तोड सरत आली की तोही जातो. मग त्या बायांनी ते टाकावे तरी कुठे, आणि बदलावे तरी कुठे? हा प्रश्न मला माझ्या नोकरीच्या इतक्या वर्षांत पडला नव्हता, हे लिहिताना लाज वाटते.

आपला बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. आपल्याकडून दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, आणि आपल्या कारखान्यांवरही येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावाने. बाई एक दिवस बसली तर अर्धा कोयता चालत नाही. खाडा धरला जातो आणि त्याचे पैसे उचलीतून वळते होतात. पहाटे चारला फडात उतरायचे, पाला सोलायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची. एकेका मोळीचे ओझे तीस-चाळीस किलो. पाळीच्या चार दिवसांत हे काम करून बघावे, असे सांगण्याचीही सोय नाही, कारण आपण पुरुषमाणसे.

यातून जे झाले ते साऱ्या देशाने २०१९ मध्ये वाचले. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये शस्त्रक्रियेने काढली गेल्याचे तेव्हाच्या आरोग्यमंत्र्यांनी जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितले. त्यानंतर विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. हिशेब करा, सहा जणींत एक. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हेच प्रमाण २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत ३.२ टक्के होते. खाडा नको, कटकट नको, म्हणून पिशवीच नको, असा हा हिशेब. त्यात अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेलेल्या बाईला 'पिशवीत कॅन्सर होईल' अशी भीती घालणारेही भेटले. गवगव्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी दवाखान्यात अशी शस्त्रक्रिया करू नये, असा दंडक जिल्ह्यात घालण्यात आला.

माझ्या गटातली एक बाई मला आठवते. गाडी भरायला उशीर झाला म्हणून मी मुकादमावर ओरडलो होतो. मुकादम तिच्या नवऱ्यावर ओरडला. ती बांधाला बसली होती, ती उठली आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवर चढली. लुगड्याला मागून डाग होता. मी पाहिला आणि तोंड फिरवले. दोन वर्षांनी तीच टोळी आली तेव्हा ती म्हणाली, "आता आमची अडचण सपली साहेब. पस्तीस हजार मोजले, उचल घेऊन." तिचे वय तेव्हा बत्तीस-तेहतीस असावे. त्या हंगामात तिच्याने मोळी उचलवत नव्हती, कंबर धरून बसायची. पिशवीबरोबर बीजकोशही काढले तर हाडे लवकर झिजतात, अंगाची आग होते. बीजकोश राखले तरी पाळी जाण्याचे वय अलीकडे येऊ शकते. हे तिला आधी कुणी सांगितले नव्हते. मलाही ठाऊक नव्हते.

आता मुद्द्याचे. पाळीत काय वापरावे? आपण बेणे निवडताना जमीन बघतो. मध्यम-भारी निचऱ्याच्या रानाला को ८६०३२ घेतो, जरा चोपण-क्षारपड असेल तर २६५ कडे वळतो. शेजाऱ्याला उतारा आला म्हणून डोळे झाकून तेच बेणे आणत नाही. इथेही तसेच आहे. पाणी किती, काम कसले, अंगावरून जाते किती, आणि बाईला जमते काय, हे बघून ठरवावे. ही माहिती मी आमच्या सौभाग्यवतींकडून, गावच्या आशाताईंकडून आणि उपकेंद्रातल्या सिस्टरांकडून विचारून घेतली. विचारताना घाम फुटला, पण त्यांना नाही फुटला.

पहिले कापड. ते वाईट म्हणून हसण्याचे कारण नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते २४ वयाच्या मुलींपैकी निम्म्या जणी कापड वापरत असल्याचे आढळले. अनेकजणी पॅडही वापरतात, कापडही. आपल्या आयांच्या वेळचे जुने सुती पातळ मऊ असे आणि ओल धरी. आताची नायलॉन-टेरिकॉटची साडी फाडून घडी केली तर ती शोषत नाही, नुसती काचते आणि वाहून जाते. तेव्हा कापड घ्यायचे ते सुतीच. नुसत्या घडीपेक्षा सुती फ्लॅनेलचे पंख असलेले, खाली बटण लागणारे पॅड शिवून घ्यावेत. गावात मशीन चालवणारी कोणीही शिवते. सहा-आठ नग असले की एकीचे भागते आणि नीट वापरले तर वर्ष-दोन वर्ष जातात. मात्र आधी थंड पाण्यात, मग साबणाने धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. नेमकी इथेच गोची होते. लाजेपायी बाया ते कोपीत, साडीखाली, सावलीत वाळवतात. दमट राहिलेले कापड पुन्हा लागले की खाज, पुरळ, मग जंतुसंसर्ग. ऊन फुकट आहे आणि त्याच्यासारखा दुसरा इलाज नाही.

दुसरे बाजारचे पॅड. धुवायला पाणी नसेल तिथे हे सोयीचे. दर चार ते सहा तासांनी बदलावे, जास्त जात असेल तर आधीच. किमतीचे म्हणाल तर २०१९ पासून जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचे पॅड नगाला १ रुपयाने मिळू लागले. महिन्याला अठरा धरले तर सहा महिन्यांच्या हंगामाला शंभर-सव्वाशे रुपये. आपण एका एकराला युरियाचे जेवढे घालतो त्याहून कमीच. पण दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, पॅड चिकटायला आत निकर लागते. फडातल्या पुष्कळ बाया नुसता परकर नेसतात. तिथे पॅड सरकून मोळी उचलताना गळून पडतो. म्हणजे फुकट वाटणाऱ्यांनी पॅडबरोबर दोन सुती निकरीही द्याव्यात, नाही तर वाटप फोटोपुरते. दुसरी, सुगंधी पॅड घेऊ नयेत. घाम, उसाची कूस आणि वर ते अत्तर, मांड्या सोलून निघतात. जाडीला भुलू नये, वरचा थर मऊ सुती आहे का ते बघावे.

तिसरा कप. नाव ऐकून आमच्या ऑफिसात एकाला चहाचा वाटला! हा सिलिकॉनचा, लहानशा घंटेसारखा असतो, घडी घालून आत बसवायचा. शोषत नाही, साठवतो. एकदा बसवला की आठ-दहा तास, फार तर बारा तास चालतो. पहाटे चारला बसवून दुपारी कोपीवर आल्यावर काढला तरी चालते, म्हणून फडातल्या कामाला हा सर्वांत सोयीचा, असे मला वाटते. पाळीच्या आधी आणि नंतर पाण्यात उकळायचा, मधल्या दिवसांत चांगल्या पाण्याने धुवायचा, हात साबणाने धुवूनच लावायचा. एक कप कित्येक वर्षे पुरतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावाने जानेवारी २०२२ मध्ये असे कप वाटून गाव पॅडमुक्त जाहीर केले. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकाने ४३ अभ्यास, सुमारे ३,३०० स्त्रिया आणि मुली यांचा आढावा घेतला. गळती पॅडइतकी किंवा त्याहून कमी, आणि शिकल्यानंतर पुढेही कपच वापरू म्हणणाऱ्या सुमारे सत्तर टक्के. पण शिकायला दोन-तीन पाळ्या लागतात. पहिली पाळी फडात नको, घरी असताना करावी. बाळंतपण झालेलीला मोठा आकार लागतो. तांबी बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, ओढताना तांबी सरकू शकते. आणि लग्न न झालेल्या मुलीवर तो लादू नये. तिची इच्छा असेल तर ती वापरेल.

काहीही वापरा, तासाभरात पॅड भिजून जातो असे तास-दोन तास चालले, मोठ्या गाठी पडल्या, दोन पाळ्यांच्या मधेच रक्त गेले, तर तो पॅडचा प्रश्न नाही. सरकारी दवाखान्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे, रक्त तपासून घ्यावे. पांढरे जाण्यावर बहुतेक वेळा गोळ्या-औषधांनी भागते. पिशवी काढा म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय होकार देऊ नये.

आता सभासदांनी काय करायचे? ऊस आपला तुटतो, म्हणून विचारतो. तोडीच्या दिवशी विहिरीची मोटार सकाळी अर्धा तास चालू ठेवा आणि एक ड्रम भरून ठेवा. रात्रपाळीची लाईट असेल तर आदल्या रात्रीच भरा. बांधाच्या कडेला चार बांबू रोवून बारदान किंवा शेडनेट गुंडाळा, आत एक दगड, एक बादली. मागे तीन फुटांचा खड्डा, शेवटी मातीने बुजवायचा. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून त्यात. त्यातले प्लॅस्टिक शेकडो वर्षे कुजत नाही हे खरे, पण कुट्टीत येण्यापेक्षा खड्ड्यात बरे. पाटात किंवा बोअरजवळ तर मुळीच नको, आणि उघड्यावर जाळूही नये. एक दोरी उन्हात बांधा, वर ओढणी टाकली की कापड कुणाला दिसत नाही. या सगळ्याला दोन-तीनशे रुपयांचे सामान लागते आणि ते पुढच्या प्लॉटवर नेता येते. मी माझ्या गटातल्या चिटबॉयना सांगितले आहे की तोडचिठ्ठी देताना शेतकऱ्याला आडोसा झाला का एवढे विचारायचे. नाही झाला म्हणून तोड थांबवत नाही, तो अधिकार माझा नाही. पण विचारले म्हणून बरेच जण करतात.

आणि घरातल्या लेकीसुना विसरू नका. भांगलणीला, लागणीला जाणाऱ्या आपल्याच घरच्या बायांना हेच सगळे लागू आहे. बी-बियाण्याच्या यादीत महिन्याचे पॅड लिहायला काय हरकत आहे?

ते जुने सभासद परवा भेटले. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "कुलूप काढलं बरं का. ड्रमबी ठिवला. पर बाया काही येईनात." मी म्हटले, तुम्ही सांगितलेत का त्यांना? तर म्हणाले, "म्या कसं सांगू? मालकीण गेली हुती सांगायला. ती सांगून आली, मग आल्या." पेटीची किल्ली आता मालकिणीच्या कमरेला असते.