सुप्त क्षय आणि मातृत्व

क्षयजंतूंचा संसर्ग झालेली प्रत्येक व्यक्ती क्षयरोगी होतेच असे नाही. बहुसंख्य व्यक्तींमध्ये शरीरातील रक्षक पेशी जंतूंभोवती कडे करून त्यांना सूक्ष्म गाठींत कोंडून ठेवतात. तेथे त्यांचा पूर्ण नाश होत नाही, परंतु त्यांना वाढताही येत नाही. ही सुप्त क्षयाची अवस्था कित्येकदा जन्मभर टिकते. मातृत्वाच्या काळात हा समतोल कसा ढळतो, हे पाहणे उद्‌बोधक आहे.

या विषयी वैद्यकाचे मत वारंवार पालटले आहे. गर्भारपण क्षयाला हितकारक असते, असा समज एके काळी रूढ होता. पुढे तो इतका उलटला की विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयी गर्भिणीस गर्भपाताचा सल्ला देण्यात येई. १९४४ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा व १९५२ मध्ये आयसोनायाझिडचा वापर सुरू झाल्यावर त्या सल्ल्याचा आधारच नाहीसा झाला.

गर्भ हा मातेच्या दृष्टीने अर्धा परका असतो. त्याचा स्वीकार व्हावा म्हणून गर्भारपणात मातेची पेशीजन्य प्रतिकारशक्ती काहीशी मंदावते. क्षयजंतूंना आवर घालणारी शक्तीही नेमकी हीच होय. प्रसूतीनंतर ती वेगाने पूर्वपदावर येते आणि तोवर निमूटपणे वाढलेला रोग दाह व ज्वर यांच्या रूपाने प्रकट होतो. ब्रिटनमधील सुमारे १,९२,००० गर्भवतींच्या नोंदींवर आधारलेले एक संशोधन २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार प्रसूतीनंतरच्या सहा महिन्यांत क्षयाचे प्रमाण इतर काळाच्या जवळजवळ दुप्पट आढळले.

निदानात खरी अडचण येते ती येथेच. थकवा हा बाळंतपणाचा अशक्तपणा समजला जातो. घटलेले वजन गर्भाच्या वाढीआड लपते. प्रसूतीनंतर तर घरच्यांचे व वैद्यांचे लक्ष प्रामुख्याने अर्भकाकडे असते. वस्तुतः मातेच्या खोकल्यातून संसर्ग झाल्यास अर्भकाला मेंदूच्या आवरणाचा क्षय होण्याचे भय मोठ्या माणसापेक्षा पुष्कळच अधिक असते.

प्रकट क्षयावर गर्भारपणातही उपचार लांबणीवर टाकता येत नाहीत. आयसोनायाझिड, रिफाम्पिसिन व एथाम्ब्युटॉल ही औषधे त्या काळात दिली जातात. स्ट्रेप्टोमायसिन मात्र गर्भाच्या श्रवणशक्तीस अपाय करीत असल्याने वर्ज्य होय. नेहमीच्या क्षयात ही औषधे चालू असताना स्तनपान थांबविण्याचे कारण नसते. रिफाम्पिसिनमुळे संततिनियमनाच्या गोळ्यांचा परिणाम उणावतो, हेही स्त्रीस सांगितले पाहिजे.

सुप्त क्षयावरील प्रतिबंधक उपचारांची वेळ ठरविणे अधिक नाजूक आहे. एचआयव्हीबाधित गर्भवतींवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयसोनायाझिड गर्भारपणातच सुरू केलेल्या गटात गर्भविषयक अनिष्ट परिणाम २३.६ टक्के, तर प्रसूतीनंतर सुरू केलेल्या गटात १७ टक्के आढळले.

सारांश, प्रसूती हा या संसर्गाच्या देखरेखीचा शेवट नसून तिचा सर्वांत कसोटीचा काळ आहे. ज्या नोंदवहीत स्त्रीचे नाव प्रसूतीबरोबर बंद होते, ती नोंदवही नेमक्या धोक्याच्या वेळी मिटली जाते.