उणे तीस अंशांवरची विजेची मोटार

नॉर्वेच्या उत्तर टोकाचा फिनमार्क प्रांत क्षेत्रफळाने डेन्मार्कपेक्षा मोठा असला, तरी तेथे राहणारी माणसे सुमारे पाऊण लाखच आहेत. किनाऱ्यावरच्या गावांना अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार सागरी प्रवाहाचा आधार मिळतो. परंतु आतल्या फिनमार्कविड्डा या पठारावर हिवाळ्यात पारा उणे तीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे नवलाचे नाही, आणि नॉर्वेतील आजवरच्या नीचांकी तापमानाची, उणे ५१.४ अंशांची, नोंद याच पठारावरील कारास्योक येथे १ जानेवारी १८८६ रोजी झाली. दुसरीकडे, २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींपैकी जवळजवळ नऊ केवळ बॅटरीवर चालणाऱ्या होत्या. अतिथंड आणि विरळ वस्तीच्या मुलखात विजेची मोटार उपयोगी पडते का, या प्रश्नाचा विचार म्हणूनच फिनमार्कच्या रस्त्यांवरून सुरू करणे योग्य ठरते. या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी मिसळलेल्या असतात. थंडी ही मोटारीच्या आतली अडचण आहे आणि तिच्यावरचे बरेचसे उपाय कारखान्यात सापडले आहेत. दुर्गमता ही मोटारीबाहेरची अडचण असून तिच्यावरचा उपाय विजेच्या तारा कोणी, कोठवर आणि कोणाच्या जमिनीवरून नेल्या यावर अवलंबून आहे.

किनाऱ्यावरील आल्टापासून पठारावरील कौटोकेइनोपर्यंतचा रस्ता सुमारे १३० किलोमीटरचा आहे. हिवाळ्यात या रस्त्यावर निघणाऱ्या विजेच्या मोटारीचा प्रवास आदल्या रात्रीच, घराच्या भिंतीवरील चार्जरला तार जोडली जाते तेव्हा, सुरू होतो. निघण्याची वेळ मोटारीला आधी सांगून ठेवलेली असते. त्या वेळेच्या थोडे आधी मोटार स्वतःच्या साठ्याला हात न लावता घरच्या विजेवर आसनकक्ष आणि बॅटरी दोन्ही तापवून घेते, काचांवरचे हिम वितळते आणि उबदार बॅटरीनिशी पूर्ण साठा घेऊन ती बाहेर पडते. रात्रभर उघड्यावर, तारेविना उभी राहिलेली मोटार मात्र सकाळी वेगळीच वागते: चार्जिंगच्या खाचेवरचे झाकण गोठून बसलेले असते, दाराची मूठ हलत नाही, वेग मंदावतो आणि उतारावर ऊर्जा परत मिळवणारी, मोटारीची गतीच विजेत रूपांतरित करणारी, ब्रेकयंत्रणा जवळजवळ निष्क्रिय होते. एकाच बनावटीच्या दोन मोटारींमध्ये एवढा फरक केवळ रात्रीच्या जागेमुळे पडतो.

याचे कारण बॅटरीच्या अंतरंगात आहे. लिथियम-आयन बॅटरीत लिथियमचे भारित कण एका विद्युतअग्राकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रोलाइट नावाच्या द्रावणातून जातात. थंडीत हे द्रावण दाट होते, कणांची हालचाल मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. वीज काढून घेताना याचा परिणाम शक्ती घटण्यापुरता असतो, परंतु वीज भरताना धोका अधिक गंभीर असतो, कारण ग्रॅफाइटच्या थरांत शिरायला पुरेसा वेळ न मिळालेले लिथियम पृष्ठभागावरच धातूच्या रूपात साचते, त्यामुळे बॅटरीची क्षमता कायमची घटते आणि पुढे अंतर्गत शॉर्टसर्किटचीही शक्यता निर्माण होते. म्हणूनच मोटारीतील नियंत्रक संगणक थंड बॅटरीत येणारा प्रवाह मुद्दाम रोखून धरतो. दीडशे किलोवॅट देऊ शकणाऱ्या चार्जरला जोडलेली मोटार सुरुवातीला तीस-चाळीस किलोवॅटच घेत असेल, तर तो चार्जरचा दोष नसून मोटारीने स्वतःच्या रक्षणासाठी पाळलेला संयम असतो. नव्या मोटारींमध्ये नकाशावर चार्जिंगचे ठिकाण निवडताच वाटेतच बॅटरी तापवण्याची सोय असते. लोह-फॉस्फेट प्रकारच्या स्वस्त आणि टिकाऊ बॅटऱ्या थंडीत निकेलयुक्त बॅटऱ्यांपेक्षा अधिक मंदावतात, हेही पठारावरच्या ग्राहकाने खरेदीपूर्वी ध्यानात घ्यायला हवे.

थंडीत एका चार्जवरचा पल्ला घटण्याचे मुख्य कारण मात्र बॅटरीचे रसायन नाही. ते कारण म्हणजे उबेची गरज. पेट्रोल किंवा डिझेलचे इंजिन इंधनातील ऊर्जेचा जेमतेम एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोहोचवते आणि उरलेली उष्णता फुकट घालवते, त्यामुळे हिवाळ्यात प्रवाशांना ऊब आयतीच मिळते. विजेच्या मोटारीत वाया जाणारी उष्णता इतकी थोडी असते, की ऊब साठ्यातूनच विकत घ्यावी लागते. बाहेरच्या हवेतील उष्णता खेचून आत सोडणारा हीट पंप शून्य अंशांच्या आसपास एका युनिट विजेत दोन-तीन युनिट ऊब देतो, पण उणे वीसच्या खाली हा लाभ ओसरत जातो. शिवाय उणे तीस अंशांवरची हवा वीस अंशांवरच्या हवेपेक्षा सुमारे वीस टक्के अधिक घन असते आणि भुसभुशीत बर्फ चाकांना अडवतो. उन्हाळ्यात शंभर किलोमीटरला १७-१८ युनिट खाणारी मोटार अशा दिवशी ३० युनिटांच्या घरात जाते. ७५ युनिटांच्या बॅटरीचा सव्वाचारशे किलोमीटरांचा पल्ला अडीचशेवर येतो. आल्टाहून कौटोकेइनोला जायला त्यातले सुमारे ३९ युनिट लागतात, म्हणजे जाणे निर्धास्त आहे, परंतु जाऊन-येऊन लागणारे ७८ युनिट बॅटरीत मावत नाहीत. या रस्त्यावरची मोटारीची उपयुक्तता अशा रीतीने कौटोकेइनोत चालू स्थितीतला चार्जर आहे की नाही, या एका गोष्टीवर येऊन ठेपते.

या हिशेबात वेळेचाही वाटा असतो, आणि तो सहसा दुर्लक्षित राहतो. चाकांसाठी लागणारी ऊर्जा अंतरावर मोजली जाते, तर उबेची ऊर्जा तासांवर. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटारीत चार किलोवॅटची ऊब शंभर किलोमीटरमागे पाच युनिट घेते. हिमवादळामुळे वेग निम्मा झाला की तोच खर्च दहा युनिट होतो. उत्तर नॉर्वेत वादळी दिवसांत काही घाट एरवी बंद ठेवून, बर्फ सारणाऱ्या वाहनामागे मोटारींचा तांडा ठरावीक वेळी सोडला जातो, आणि त्यासाठी रस्त्याच्या फाटकापाशी ताटकळावे लागते. मोटार थांबलेली असताना खर्च मात्र कमी असतो: दोन-तीन किलोवॅटवर आसनकक्ष उबदार राहतो, त्यामुळे ५० युनिट शिल्लक असलेली मोटार सुमारे सतरा ते पंचवीस तास माणसांना सांभाळू शकते. इंजिनाची मोटारही टाकीभर इंधनावर हे करू शकते, पण बर्फात धुराची नळी बुजली, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड आत शिरून प्राणघातक ठरू शकतो. विजेच्या मोटारीत तो धोका नाही.

डिझेल थंडीत निर्वेध चालते, हा समजही खरा नाही. त्यातील मेणासारखे घटक, हिवाळ्यात खोबरेल तेल थिजते तसे, थिजून गाळणी बंद करतात. उत्तर युरोपात इंजिन रात्रभर विजेवर गरम ठेवण्याची रीत जुनी आहे, आणि त्यामुळे घराबाहेर मोटारीसाठी विजेचा प्लग असणे कित्येक ठिकाणी विजेच्या मोटारी येण्याच्या कितीतरी आधीपासून अंगवळणी पडलेले होते.

ही वीज आली कोठून, हे सांगितल्याशिवाय फिनमार्कचे उदाहरण अपुरे राहते. आल्टा-कौटोकेइनो रस्ता सामी या तेथील मूळ रहिवाशांच्या मासी गावाजवळून जातो. आल्टा नदीवरील धरणाच्या मूळ योजनेत हे गावच पाण्याखाली जाणार होते. विरोधामुळे १९७३ मध्ये गाव वाचले, पण धरणाची योजना राहिली. १९७९ ते १९८१ या काळात सामी रेनडियरपालक आणि पर्यावरणवादी यांनी बांधकामाच्या जागी ठाण मांडले, जानेवारी १९८१ मध्ये सुमारे ६०० पोलिसांनी त्यांना हटवले, आणि १९८७ मध्ये वीजकेंद्र सुरू झाले. त्या संघर्षातून सामींच्या हक्कांना जी मान्यता मिळाली, तिच्या बळावर १९८९ मध्ये कारास्योक येथे सामी संसद उभी राहिली. धूर न सोडणाऱ्या मोटारीच्या विजेमागे कुरणे गमावण्याची भीती बाळगणारे लोक आहेत, आणि फिनमार्कविड्डावर रेनडियरांच्या कळपामागे दिवसचे दिवस तारांपासून दूर राहणाऱ्या याच पशुपालकांच्या स्नोस्कूटरला बॅटरी आज पुरी पडत नाही. ज्यांनी विजेची किंमत अधिक मोजली त्यांनाच तिचा लाभ कमी मिळावा, ही विषमता तंत्रज्ञानाच्या कौतुकात झाकली जाऊ नये.

भारतीय वाचकाला हा सारा विचार लडाखपाशी आणतो. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश घनतेची असल्याने इंजिनाची शक्ती घटते, पण विद्युत मोटरला प्राणवायू लागत नाही आणि विरळ हवेचा अडथळाही कमी होतो. लेहहून ५,३५९ मीटर उंचीच्या खारदुंग ला खिंडीपर्यंत दोन टनांची मोटार चढवायला निव्वळ उंचीपोटी सुमारे दहा युनिट लागतात, परंतु त्या चढानेच बॅटरी तापते आणि नुब्राकडे उतरताना यातील मोठा भाग परत घेऊ शकते. डिझेलची अडचण येथे इतकी खरी होती, की २०१९ मध्ये इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे खास डिझेल लडाखमध्ये आणले.

विजेची बाजू मात्र अजून नाजूक आहे. श्रीनगर-लेह ही २२० किलोव्होल्टची वाहिनी २०१९ मध्ये राष्ट्रार्पण झाली, आणि त्यापूर्वी लडाख देशाच्या वीजजाळ्याशी जोडलेलाच नव्हता. निमू-बाझगो येथील ४५ मेगावॅटच्या केंद्राची निर्मिती हिवाळ्यात सिंधूचा प्रवाह रोडावताच घटते, म्हणजे उबेसाठी वीज सर्वाधिक लागते तेव्हाच ती सर्वांत कमी मिळते. लेह शहरात आणि सिंधूकाठच्या गावांत, जेथे रात्री घरापाशी तार जोडता येते, तेथे विजेची मोटार आजही व्यवहार्य मानता येईल. चांगथांगच्या पठारावर, जेथे एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीपर्यंत चार्जर नाही आणि बिघाड झाल्यास मदत दिवसभराने येते, तेथे डिझेलच्या गाडीचा हट्ट धरणारा चालक शहाणपणानेच वागत असतो.

ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने लडाखमधील १३ गिगावॅटच्या अक्षय ऊर्जा प्रकल्पासाठी पांगपासून हरियाणातील कैथलपर्यंत वाहिनी टाकण्यास मंजुरी दिली, त्यात १२ गिगावॅट-तासांचा बॅटरीसाठाही योजला आहे. या प्रकल्पासाठी पश्मिना शेळ्या राखणाऱ्या चांगपांची कुरणे जातील, ही भीती २०२४ च्या लडाखमधील आंदोलनात उघडपणे मांडली गेली. ही वाहिनी मुख्यतः चांगथांगची ऊर्जा मैदानी प्रदेशात नेण्यासाठी आखलेली आहे. वाटेतल्या वस्त्यांसाठी उपकेंद्रे आणि त्यांच्यालगत चार्जर उभारण्याची तरतूद प्रकल्पाच्या आराखड्यातच, कुरणांच्या मोबदल्याच्या बोलणीबरोबर, लेखी करून घेतली गेली पाहिजे, कारण बांधून झालेल्या उच्चदाब वाहिनीला नंतर गावासाठी फाटा काढणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आणि खर्चिक असते.