पंप स्वस्त आहे, पण मिस्त्री कुठे आहे?

उत्तर बांगलादेशात पाणी जमिनीखाली थोड्याच खोलीवर लागतं, पण अर्धा एकर कसणाऱ्याला डिझेल पंप परवडत नसे. गुन्नार बार्न्स या नॉर्वेजियन अभियंत्याने रंगपूर-दिनाजपूर भागात काम करताना त्यावर पायाने चालणारा पंप काढला. पत्र्याची दोन नळकांडी, आत दट्टे आणि वर पाय ठेवायला दोन लांब बांबू. जागच्या जागी चालत राहायचं. एक पाय खाली गेला की दुसरा वर येतो आणि पाणी पडू लागतं. (साधारण ७ मीटरपेक्षा खोलचं पाणी त्याला ओढवत नाही, त्यामुळे आपल्या दख्खनच्या खोल विहिरींवर तो कुचकामी.) असे १० लाखांहून अधिक पंप तिथे खपले. ते फुकट वाटले नव्हते, आणि यशाचं मर्म मला यातच दिसतं. छोट्या वर्कशॉपांनी ते बनवले, दुकानदारांनी विकले, मिस्त्रींनी बसवले आणि प्रत्येकाच्या हाती चार पैसे आले. मग वॉशर झिजला तर तो जवळच्या बाजारातच मिळणार, कारण तो ठेवण्यात कुणाचा तरी फायदा असतो.

याउलट दक्षिण आफ्रिकेतला ‘प्लेपंप’. मुलांनी चक्रावर खेळायचं आणि त्या गतीने पाणी वर चढायचं. देणगीदार भाळले, २००६मध्ये त्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलर जाहीर झाले. एका पंपाची किंमत सुमारे १४ हजार डॉलर. मुलं शाळेत गेली की चक्र बायकांनाच ढकलावं लागे, आणि बिघडलं तर गावातल्या कुणाला ते उघडताही येत नसे.

गरिबाकडून पैसे घ्यायचेच कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. केनियात कोहेन आणि दुपास या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं की मच्छरदाणीला किरकोळ किंमत लावली तरी घेणारे झपाट्याने घटतात, आणि फुकट मिळालेली मच्छरदाणीही लोक तितकीच वापरतात. मच्छरदाणीपुरतं ते मान्यच करायला हवं. तिचा फायदा शेजाऱ्यांनाही होतो आणि ती कमाई करून देत नाही. पंप मात्र कोरड्या हंगामात भाजी पिकवून आपली किंमत स्वतःच फेडतो. दुसरा आक्षेप कष्टांचा. तासन्‌तास पाय मारणं हे काही सुख नव्हे, आणि स्वस्त चिनी इंजिनं आल्यावर अनेकांनी पायपंप सोडला. त्यात वाईट काय? पुढच्या यंत्राइतके पैसे साठले, हेच तर हवं होतं. आणि पायपंपाच्या या बाजारामागेही परदेशी मदत होतीच. ती पंपाची किंमत पाडण्यात न घालता आयडीई या संस्थेने मिस्त्रींच्या प्रशिक्षणावर आणि गावोगावच्या नाटकांतून, सिनेमातून जाहिरात करण्यावर खर्चली.