हातगुण, व्हाया तोक्यो

उल्हासनगरात एका ओळखीच्या काकूंच्या ब्लॉकमध्ये भिंतीवर तीन फोटो शेजारी शेजारी आहेत: गणपती, झूलेलाल आणि बारीक चष्मा घातलेले एक जपानी गृहस्थ. काकू रेकी देतात, म्हणजे अंगावर हात ठेवून उपचार करतात. अंबरनाथ-बदलापूरकडून लोक येतात, गादीवर आडवे होतात आणि बहुतेक जण घोरू लागतात.

ते गृहस्थ म्हणजे मिकाओ उसुई (१८६५–१९२६). क्योतोजवळच्या कुरामा डोंगरावर २१ दिवस उपास केला, तेव्हा ही उपचाराची शक्ती लाभली, असं तोक्योतल्या त्यांच्या स्मृतिशिळेवर कोरलं आहे. एप्रिल १९२२मध्ये त्यांनी तोक्योत संस्था काढली. पुढच्याच वर्षी भूकंपाने शहर उद्ध्वस्त झालं, तेव्हा ते जखमींवर हात ठेवत फिरले. 'रेई' म्हणजे दैवी आणि 'की' म्हणजे आपल्या भाषेत प्राण. शिष्यांपैकी चुजिरो हायाशी नौदलातले डॉक्टर होते.

रेकी जपानबाहेर नेली ती हवायो टकाटा यांनी. या बाईंची गोष्ट मला उसुईंच्या तपश्चर्येपेक्षा जास्त ओढून घेते. हवाईच्या उसाच्या मळ्यात राबणाऱ्या जपानी मजुरांची ही मुलगी तिशीच्या उंबरठ्यावरच विधवा झाली. पदरात दोन मुली आणि शरीर दुखण्यांनी पोखरलेलं. १९३५मध्ये तोक्योला हायाशींच्या दवाखान्यात बरं वाटलं, तेव्हा तिथेच राहून ती विद्या शिकली. पुढे अमेरिकेत शिकवताना तिने उसुईंना चक्क ख्रिस्ती धर्मोपदेशक करून टाकलं. त्याला कागदोपत्री आधार नाही. महायुद्धानंतर जपानी वस्तू खपवायची तर वेष्टन बदलावं लागलं असेल, असा माझा तर्क. मास्टर, म्हणजे रेकीचा शिक्षक, होण्याची फी दहा हजार डॉलर! १९८०मध्ये ती वारली तोवर तिने २२ मास्टर तयार केले होते. आपल्याकडे आल्यावर रेकीला चक्रं चिकटली, हात ठेवायचे 'चोवीस पॉइंट' आले. एकेका पॉइंटवर तीन मिनिटं म्हटलं तरी सव्वा तासाच्या आसपास जातो.

आता गुण येतो का? २००८मध्ये ली, पिटलर आणि अर्न्स्ट यांनी तोवरच्या चाचण्या तपासल्या. कुठल्याही आजारावर रेकी चालते म्हणण्याइतका पुरावा त्यांना मिळाला नाही. रेकीच्याच जातकुळीतल्या 'थेरप्युटिक टच'ची परीक्षा तर अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने घेतली. पडद्याआड बसून ती उपचारकाच्या एका हातावर आपला हात धरी. कोणत्या हातावर, ते त्याने ओळखायचं. २१ उपचारकांचं उत्तर ४४ टक्के वेळा बरोबर आलं. नाणं उडवलं असतं तरी याहून बरं जमलं असतं. कॅन्सर, मधुमेह मंत्र-स्पर्शाने बरा करतो अशी जाहिरात आपल्याकडे १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

मी स्वतः एकदा आडवा झालो.

"काकू, हात गरम लागतोय."

"लागू दे. बोलू नकोस."

नंतर छान झोप लागली. ऊर्जा आली की नाही, सांगता येत नाही. पण सव्वा तास दुसऱ्या माणसाने फक्त माझ्याकडे लक्ष द्यावं, हे शेवटचं कधी घडलं होतं? आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या बाहेर चाळीस जणांची रांग असते. काकूही कोणाची गोळी बंद करायला सांगत नाहीत, उलट "शुगर तपासलीस का?" म्हणून दरडावतात.

उसुईंनी शिष्यांना पाच नियम दिले, 'आजच्या दिवसापुरते' पाळायचे. पहिलाच: रागावू नका. काकूंनी तो वहीच्या कागदावर लिहून दिला. सकाळच्या बदलापूर लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धा टेकून मी तो वाचत होतो, तेवढ्यात तिसऱ्या सीटवाल्याने कोपर मारलं.