नाव वाचूनच बाजूला पडलेले अर्ज

नोकरीतला वंशभेद समजून घ्यायचा असेल, तर व्याख्यानांच्या आधी एक प्रयोग वाचावा. मॅरियन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बॉस्टन व शिकागोतल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक बायोडेटा पाठवले. शिक्षण, अनुभव तोलामोलाचे. नावं मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटलेली. कुठे एमिली, ग्रेग अशी गोऱ्यांमधली, कुठे लकीशा, जमाल अशी कृष्णवर्णीयांमधली. गोऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त बोलावणी आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वांत बोचते ती गोष्ट वेगळीच: बायोडेटा अधिक सरस केला की गोऱ्या नावांना चांगला लाभ होई, कृष्णवर्णीय नावांना अगदीच थोडा. मग ‘आणखी शिका’ हा सल्ला कुणाला द्यायचा?

सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी हीच पद्धत भारतातल्या खासगी कंपन्यांसाठी वापरली. २००७च्या त्यांच्या निबंधात दलित आणि मुस्लिम नावं मागे पडलेली दिसतात. हे दोन्ही अभ्यास भरती करणाऱ्यांनी एकत्र बसून वाचावेत. मग पुढच्या भरतीत नावं झाकून अर्ज चाळावेत आणि मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न विचारावेत.