अंतराळवीरांच्या छातीवरील बिल्ले

अमेरिकेच्या अंतराळवीरांची छायाचित्रे आपण वर्तमानपत्रांत पाहतो, तेव्हा त्यांच्या पोशाखावर रंगीत दोऱ्यांनी भरलेला एक लहानसा कापडी बिल्ला दिसतो. बहुतेकांची नजर त्यावरून सरकून जाते. परंतु हा बिल्ला कसा असावा हे त्या मोहिमेवर जाणारी मंडळीच ठरवीत आली आहेत. त्यामुळे तो वाचता आला तर मोहिमेची आणि माणसांचीही ओळख पटते. विद्यार्थी मित्रांसाठी अशा काही बिल्ल्यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

ही प्रथा १९६५ साली सुरू झाली. त्यापूर्वी अंतराळवीर आपल्या यानाला आवडीचे नाव देत असत. 'नासा'ने ते बंद केले. तेव्हा जेमिनी-५ चे गॉर्डन कूपर व पीट कॉनराड यांनी निदान बिल्ला तरी लावू द्यावा, असा आग्रह धरला. त्यांच्या बिल्ल्यावर अमेरिकेत पश्चिमेकडे वसाहतीला निघालेल्या जुन्या कुटुंबांची छपराची गाडी होती आणि तिच्यावर 'आठ दिवस, नाहीतर फजिती' अशा अर्थाचे शब्द होते. 'नासा'चे प्रमुख जेम्स वेब यांना ते रुचले नाहीत. आठ दिवस पुरे झाले नाहीत तर लोक हसतील, अशी त्यांना भीती! शेवटी त्या शब्दांवर कापडाचा तुकडा लावून बिल्ला मंजूर झाला. मोहीम जवळजवळ पूर्ण आठ दिवस चालली.

१९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अपोलो-११ च्या बिल्ल्यावर गरुड आहे; पण तिघांपैकी एकाचेही नाव नाही. हे काम हजारो हातांनी घडले आहे, तेव्हा आपलीच नावे नकोत, असे त्यांनी ठरविले. हा मोठेपणा आम्हास विशेष वाटतो.

पुन्हा पुन्हा वापरता येणारे यान, म्हणजे स्पेस शटल, १२ एप्रिल १९८१ रोजी प्रथम उडाले. २०११ पर्यंत या यानांची १३५ उड्डाणे झाली. बिल्ल्याची कल्पना बहुधा अंतराळवीरांची असे. रेखाटन कधी ते स्वतः करीत, कधी एखाद्या चित्रकाराची मदत घेत. कडेला सर्वांची आडनावे असत.

जून १९८३ मधील सातव्या मोहिमेत सॅली राईड ही पहिली अमेरिकन स्त्री अंतराळात गेली. सोव्हिएत रशियाची व्हॅलेंटिना तेरेश्कोवा त्याआधी वीस वर्षे, १९६३ मध्येच जाऊन आली होती! या मोहिमेच्या बिल्ल्यावर जीवशास्त्राच्या पुस्तकात असतात तशी चार पुरुषांची व एका स्त्रीची खूण एकत्र गुंफलेली आहे. पुढची, म्हणजे आठवी मोहीम ३० ऑगस्ट १९८३ रोजी रात्रीच्या अंधारात निघाली. तिच्यातील गायन ब्लूफोर्ड हे अंतराळात गेलेले पहिले आफ्रिकन-अमेरिकन. बिल्ल्यावर गरुड तारकासमूह आहे. याच यानाने आपल्या देशाचा इन्सॅट-१ बी हा उपग्रह अंतराळात सोडला.

आता एका सफरचंदाविषयी. २८ जानेवारी १९८६ रोजी उडालेल्या चॅलेंजर यानाच्या बिल्ल्यावर सात नावे आहेत आणि क्रिस्टा मॅकऑलिफ या नावाशेजारी छोटेसे सफरचंद आहे. अमेरिकेत विद्यार्थ्याने शिक्षकाला सफरचंद भेट देण्याची जुनी रीत आहे. मॅकऑलिफबाई या शाळेतील शिक्षिका. सुमारे ११,००० अर्जदारांतून त्यांची निवड झाली होती आणि अंतराळातून त्या मुलांना धडे देणार होत्या. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यानाचे तुकडे झाले आणि सातही जण मृत्युमुखी पडले. असंख्य मुले शाळांमधून ते दृश्य पाहत होती. कडाक्याच्या थंडीने इंधन-नळकांड्याच्या सांध्यातील रबरी कडे ताठरले होते. त्याचा धोका अभियंत्यांनी आदल्या रात्रीच सांगितला होता; तो मानला गेला नाही.

त्यानंतर पावणेतीन वर्षे उड्डाणे थांबली. २९ सप्टेंबर १९८८ रोजी डिस्कव्हरी यान उडाले, तेव्हा त्याच्या बिल्ल्यावर उगवता सूर्य होता आणि वरच्या बाजूस सप्तर्षी. सात तारे म्हणजे चॅलेंजरचे सात सहकारी. आमच्या मते हा सर्वांत बोलका बिल्ला होय. शब्द एकही खर्ची न घालता त्याने सारे सांगितले.

हरियाणातील कर्नालच्या कल्पना चावला यांची १९९७ मधील पहिली मोहीम ज्या बिल्ल्याने ओळखली जाते, त्याचा आकार अंतराळवीराच्या शिरस्त्राणासारखा आहे. त्यांची दुसरी मोहीम १६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया यानातून निघाली. या वेळी बिल्लाच यानाच्या आकाराचा होता. त्यावर 'कपोत' तारकासमूहाचे सात तारे होते. कपोत म्हणजे कबुतर, शांततेचे प्रतीक. सात तारे ही सात जणांचीही खूण होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फोमचा तुकडा निखळून डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारी रोजी परतताना त्या भगदाडातून तप्त वायू आत शिरला, यान फुटले आणि एकही जण वाचला नाही.

जुलै २००५ मध्ये आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली शटल पुन्हा उडाले. त्यांच्या बिल्ल्यावर निळ्या यानाची आकृती आहे आणि तिच्यात तेच सात तारे भरलेले आहेत.