एका पडद्यापुढे दोघे

दोन प्रोग्रॅमरांनी एकाच संगणकापुढे बसून एकच प्रोग्रॅम लिहिण्याच्या पद्धतीला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. ज्याच्या हाती कीबोर्ड असतो तो ‘ड्रायव्हर’. त्याच्या शेजारचा ‘नॅव्हिगेटर’ उमटणारी प्रत्येक ओळ तपासतो, पुढच्या टप्प्याचा विचार करतो, आणि ठरावीक वेळाने दोघे जागा बदलतात. क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीच्या पगारपत्रक-प्रकल्पावर काम करताना केंट बेक यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ ही कार्यपद्धती घडवली. तिने या प्रथेला नियमाचे रूप दिले, आणि एका कामासाठी दोन पगार का मोजावेत, हा व्यवस्थापकांचा प्रश्न तेव्हापासून तिच्या मागे लागला.

यूटा विद्यापीठात १९९९ मध्ये लॉरी विल्यम्स यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे उत्तर दिलासा देणारे होते: एकमेकांची सवय झाल्यावर जोडीचे एकूण श्रमतास एकट्यापेक्षा सुमारे १५ टक्केच जास्त भरले, आणि दोष साधारण तेवढ्याच प्रमाणात घटले. प्रोग्रॅम ग्राहकाच्या हाती गेल्यावर सापडणारा दोष दुरुस्त करणे फार महाग पडत असल्याने हा व्यवहार फायद्याचा ठरतो, असे समर्थकांनी मांडले. मात्र २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, एरिक आरिशोल्म व सहकाऱ्यांनी २९५ व्यावसायिक प्रोग्रॅमरांवर केलेल्या प्रयोगात जोडीचे श्रम तब्बल ८४ टक्क्यांनी वाढले. गुंतागुंतीच्या प्रणालीवर अचूक उत्तरांचे प्रमाण ४८ टक्क्यांनी वाढले, तर सोप्या प्रणालीवर वेळ थोडा वाचला, पण अचूकतेत लक्षणीय फरक पडला नाही.

म्हणजे ‘जोडी परवडते का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोण कोणासोबत आणि कोणत्या कामाला बसतो, यावर हिशेब ठरतो. नवख्याला अवघड कामात जोडीदार मिळाला तर लाभ मोठा, पण सरावाचे, ठरीव काम दोघांकडून करवून घेणे ही निव्वळ उधळपट्टी होय. शिवाय अनुभवी माणसाने कीबोर्ड सोडलाच नाही, तर दुसरा निमूट प्रेक्षक उरतो, आणि दिवसभर मोठ्याने विचार करत राहण्याचा शीण तर कोणत्याच श्रमतासांत धरला जात नाही. अल्पकाळाच्या प्रयोगात न दिसणारा एक लाभही आहे: प्रोग्रॅमचा एखादा भाग एकाच माणसाला कळत असेल आणि त्याने नोकरी सोडली, तर तो भाग नव्याने उलगडण्यात जाणारे आठवडे जोडीमुळे वाचू शकतात.